घरी बांधलेल्या विमानाने धुळ्याहून दीवच्या बीचवर कॅम्पिंग: लोक सारखं विचारतात ते सगळे प्रश्न

लग्नात, मयतीत, पानटपरीवर, सगळीकडे तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतोय. पुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

विमान घरी बांधलं म्हणजे नेमकं काय? भंगारातून?

नाही हो. किट येतं. पत्रे कापलेले, भोकं पाडलेली, खोक्यात नंबर टाकलेले पार्ट, आणि त्यासोबत हे जाडजूड मॅन्युअल. आपण ते रिव्हेट मारून जोडायचं, वायरिंग करायची, इंजिन बसवायचं, कंट्रोल केबल ओढायच्या. जगात हा प्रकार खूप जुना आहे, अमेरिकेत हौशी बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना १९५३ पासून आहे आणि ओरेगॉनच्या व्हॅन्स कंपनीच्या किटवरून बांधून उडालेली विमानंच दहा हजारांच्या वर आहेत. तिथे नियमच आहे की निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः केलेलं पाहिजे, तरच ते होमबिल्ट.

आमचं दोन सीटचं आहे, ॲल्युमिनियमचं, १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ इंजिन. बांधलं नानांच्या कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये, एका कोपऱ्यात सरकीची पोती आणि दुसऱ्या कोपऱ्यात पंख. नाना रोज संध्याकाळी यायचे, चष्मा वर करून बघायचे आणि विचारायचे, "आज कितला खिळा ठोकात?" रिव्हेट आणि खिळा यातला फरक त्यांना आम्ही समजावून सांगितला नाही, कारण त्यांनी भाडं मागितलं नव्हतं.

आपल्याकडे असं कुणी केलंय का आधी?

केलंय की, आणि धुळेकरांना तर हे माहीत पाहिजे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत बीकेसीला मेक इन इंडिया वीकमध्ये मांडलं, २०१७ मध्ये डीजीसीएचं, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं रजिस्ट्रेशन मिळालं, व्हीटी-एनएमडी, आणि २०२० मध्ये त्याच्या उड्डाणाच्या चाचण्या झाल्या आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. म्हणजे मुंबईच्या गच्चीवरचं विमान उडायला खान्देशात आलं. मूळचे केरळचे अशोक थामराक्षन यांनी ब्रिटनमध्ये लॉकडाऊनच्या काळात स्लिंग कंपनीचं चार सीटचं किट बांधलं आणि घरच्यांना घेऊन युरोपात फिरले, ते पण पेपरात आलं होतं. पण तिकडचं बांधणं आणि इकडचं बांधणं यात कागदाचा फरक आहे, रिव्हेटचा नाही.

कागद म्हणजे काय काय लागतं?

हा प्रश्न विचारणारे निम्मे लोक उत्तर ऐकता ऐकता चहा सांगायला निघून जातात, तरी सांगतो.

आधी पायलटचं. पीपीएल म्हणजे खाजगी पायलट लायसन्स, वय कमीत कमी १७, किमान ४० तास उड्डाण, मेडिकल, लेखी परीक्षा, वरून रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स. यासाठी खान्देशाबाहेर जायची गरज नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंग चालतं, शिरपूरला एव्हिएशन ॲकॅडमी आहे, जळगावला विमानतळावर फ्लाइंग स्कूल आहे. पोरं सकाळी सहाला वर घिरट्या घालत असतात आणि खाली लोक म्हणतात की ड्रोन फिरतंय.

मग विमानाचं. रजिस्ट्रेशन, उडण्याचं परमिट, इन्शुरन्स. घरी बांधलेल्या विमानाच्या परमिटवर अटी असतात: दिवसाच उडायचं, डोळ्याने जमीन दिसत असतानाच उडायचं, दाट वस्तीवरून नाही, भाडं घेऊन नाही. आणि सुरुवातीचे चाचणीचे तास एकट्यानेच काढायचे. अमेरिकेत हे २५ किंवा ४० तास असतात आणि त्या काळात शेजारच्या सीटवर प्रवासी बसवायचा नाही. विमान तयार झालं त्या दिवसापासून मित्रमंडळ बॅगा भरून उभं होतं, त्यांना हे पटवून देणं हे त्या चाचण्यांपेक्षा अवघड काम होतं.

आणि प्रत्येक ट्रिपचं वेगळं. फ्लाइट प्लॅन टाकायचा, एअर डिफेन्सचा एडीसी नंबर घ्यायचा, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर घ्यायचा, उतरायचं त्या विमानतळाची आधी परवानगी, पार्किंगची जागा. सकाळी उठलो, हवा चांगली दिसली आणि निघालो, असं होत नाही. गाडी आणि विमान यातला खरा फरक हाच आहे, पंख नंतर.

कोकण सोडून दीव का? आपला समुद्र म्हणजे कोकण ना भो!

बरोबर आहे, मला पण मालवणलाच जायचंय. पण नकाशा काढून बघा. धुळ्याहून सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळापर्यंत सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री, एका बाजूला मुंबईचं गर्दीचं आकाश, दुसऱ्या बाजूला ओझर आणि पुण्याची लष्करी हवाई हद्द. छोट्या विमानाने ते होतं, पण दिवस जातो आणि डोकं जातं.

उलट पश्चिमेला बघा. सह्याद्रीची भिंत साल्हेरच्या पुढे उतरत उतरत तापीपाशी संपते, वरून सातपुडा, आणि मधून तापी थेट खंबातच्या आखाताला. निसर्गाने खान्देशाला समुद्राचा दरवाजा दिलेला आहे आणि तो गुजरातकडे उघडतो. सुरत लुटायला महाराज गेले तेव्हापासून... जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे. मुद्दा असा की धुळे ते सुरत हवेतून फक्त २०० किलोमीटर आहे आणि कुठेही डोंगर चढायला लागत नाही.

मग सुरतलाच का थांबत नाही? कारण तिथल्या डुमस बीचवर तंबू ठोकून झोपायची मजा नाही, गर्दी फार. दीवला विमानतळ आणि नागवा बीच शेजारी शेजारी आहेत, उतरलं, विमान दोरीने बांधून ठेवलं, रिक्षा केली की समुद्र. घोघला बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालंय, स्वच्छ आहे.

रस्ता कसा? वरून कळतं का कुठे आहोत?

जीपीएस असतं, पण खरं सांगू का, जळगाव–उधना रेल्वे लाईन धरली तरी पोहोचाल. धुळ्याहून दोंडाईचा, मग नंदुरबार, नवापूर, व्यारा. थंडीत गेलात तर नंदुरबारच्या भोवती जमिनीवर लालभडक चौकोन दिसतात, त्या मिरचीच्या पथाऱ्या. वाळत घातलेली मिरची साडेचार हजार फुटांवरून एवढी लाल दिसते की पहिल्यांदा बघणारा दचकतोच. डावीकडे साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या, त्यांच्यापासून लांब राहायचं. पुढे उकाईचं पाणी, ते इतकं पसरलेलं आहे की आमचा मागच्या सीटवाला, म्हणजे शेजारच्या सीटवाला, म्हणाला आला समुद्र. समुद्र नाही, आपलीच तापी आहे.

उकाईच्या पुढे काकरापारचं अणुवीज केंद्र आहे, त्याच्या डोक्यावरून जायचं नाही, चार्टवर बघून लांबून वळसा. तिथून सुरतच्या कंट्रोलशी बोलत उत्तरेला भरूच–दहेजकडे, आखात ओलांडून भावनगर, आणि मग किनाऱ्या किनाऱ्याने दीव. भावनगर सोडलं की थोड्या वेळाने अलंग येतं. चिखलात नाक खुपसून उभी केलेली मोठमोठी जहाजं, कुणाचं नाक कापलेलं, कुणाची पाठ उघडी. जगभरातली जहाजं तोडायला तिथे येतात, पण वरून ओळीने बघितल्यावर जे वाटतं ते फोटोत येत नाही, आम्ही काढून बघितले.

एकूण अंतर वळसे धरून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आमच्या स्पीडला वारा नसेल तर अडीच तासाच्या थोडं वर.

आखात सरळ सुरतहून का नाही ओलांडत? जवळ पडेल ना?

पडेल. आणि इंजिन एकच आहे.

हिशोब सांगतो, कारण यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झालेत. आमच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडत नाही, घसरत जातं, उंचीच्या साधारण नऊ पट अंतर. साडेसहा हजार फूट म्हणजे जवळपास दोन किलोमीटर उंची, गुणिले नऊ, म्हणजे १८ किलोमीटर. आता दहेज–घोघा बोट चालायची तेव्हा तिचं अंतर होतं ३१ किलोमीटर. मधोमध इंजिन गेलं तरी दोन्ही किनारे साडेपंधरा किलोमीटरवर, म्हणजे पोहोचतो. समोरून वारा असेल तर हा हिशोब आखडतो, मग मागे फिरायचं, मागे फिरताना तोच वारा ढकलतो. सुरत ते भावनगर सरळ गेलात तर पाण्याचा पट्टा जवळपास दुप्पट होतो आणि मधला बराच वेळ तुम्ही कुठल्याच किनाऱ्याला पोहोचू शकत नाही अशा जागी असता.

बरं खंबातचं आखात म्हणजे साधं पाणी नाही. भरती-ओहोटीचा फरक भावनगरकडे दहा मीटरच्या वर जातो, तीन मजली बिल्डिंगएवढं पाणी येतं नि जातं, ओहोटीत मैलोनमैल चिखल. तिथे उतरणं म्हणजे पाण्यात पण नाही आणि जमिनीवर पण नाही. म्हणून वळसा घेतो, दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसायचं, सीटखाली ठेवून उपयोग नाही. आणि ती आत फुगवायची नाहीत, बाहेर पडल्यावर फुगवायची, नाहीतर दारात अडकाल.

थेट बीचवरच का नाही उतरत? व्हिडिओत तर उतरतात.

ते अलास्का, न्यूझीलंड वगैरे. स्कॉटलंडमध्ये बारा नावाच्या बेटावर तर रोजचं प्रवासी विमान ओहोटीच्या वेळी बीचवर उतरतं, टाईमटेबल भरती बघून ठरतं. आपल्याकडे असं केलंत तर तुमच्या आधी पोलिस आणि कोस्ट गार्ड बीचवर पोहोचतील. किनारा आहे, सीमा जवळ आहे, इथे गंमत चालत नाही. आणि कायद्याचं सोडा, ओली वाळू कुठे कडक कुठे पोकळ हे वरून कळत नाही, पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर उलटतं.

मग विमानाच्या पंखाखाली तंबू?

ते पण नाही. अमेरिकेत ऑशकोशला जुलैच्या शेवटी मेळावा भरतो, दहा हजारांच्या आसपास विमानं येतात आणि लोक पंखाखाली तंबू ठोकून आठवडाभर राहतात, आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेवाले राहतात तसं. आपल्याकडे विमानतळाच्या आत रात्री राहता येत नाही. विमान आत बांधून ठेवायचं, आपण बाहेर. तंबू ज्याच्या जागेत लावणार त्याला आधी विचारायचं, किनाऱ्यावर तयार तंबूवाले पण असतात सीझनला, पण मग कॅम्पिंगची मजा काय.

आणि दीवच्या हद्दीबाहेर, ऊना-राजुला-जाफराबादच्या बाजूला मोकळा किनारा दिसला म्हणून तिथे तंबू ठोकायचं डोक्यात आणू नका. गीरचे सिंह आता किनाऱ्यापर्यंत फिरतात. २०२५ च्या गणनेत ८९१ निघाले. आमच्यातला एक जण म्हणाला आपल्या यावलला बिबटे असतात तरी आपण झोपतोच ना शेतात. त्याला रस्त्याने पाठवलं.

सीट दोन आणि मित्र पाच, हे कसं?

दोघं हवेतून, बाकीचे बोलेरोने. आणि आता कडू सत्य ऐका, कॅम्पिंगचं सगळं सामान बोलेरोतच जातं. विमानवाले फक्त विमान घेऊन जातात.

वजनाचा हिशोब असा. आमचं विमान रिकामं ३४५ किलो, जास्तीत जास्त ६००. उरले २५५. टाकी फुल ७५ लिटर, पेट्रोल लिटरला साधारण ७२० ग्रॅम, म्हणजे ५४ किलो. उरले २०१. मी ७२ आणि आमचा भाऊसाहेब ९५, झाले १६७. उरले ३४. पण मागच्या सामानाच्या कप्प्याची मर्यादा २२ किलोच आहे, कारण मागे जास्त भरलं की तोल मागे जातो, नाक वर राहतं, आणि हळू स्पीडला विमान हाताबाहेर जाऊ शकतं. एकूण वजन बसलं म्हणजे झालं असं नाही, वजन कुठे बसलं ते पण बघायचं. आणि भाऊसाहेबाच्या जोडीला तसाच दुसरा ९५ चा बसवला तर ११ किलो उरतात, त्यात दोरखंड, खुंट्या, कव्हर, पाणी, टूल किट घेतलं की दोघांच्या दाढीच्या सामानालाही जागा नाही. म्हणून निघायच्या आधी सगळे जिनिंगच्या काट्यावर. बुटासकट, खिशातल्या सामानासकट. "मी ८० आहे" असं तोंडी चालत नाही, ८० कुणीच नसतं.

बोलेरोवाले आदल्या रात्री निघतात, सुरतच्या पुढे हजिऱ्याहून गाडीसकट रो-रो बोटीत चढतात आणि घोघ्याला उतरतात. रस्त्याने वडोदऱ्याकडून फिरून गेलं तर ३७० किलोमीटर होतात तेच बोटीने ९०. बोटीचं टाईमटेबल आणि तिकीट आधी बघून घ्यायचं. परत येताना सीटची अदलाबदल करतो, म्हणजे भांडण होत नाही. कमी होतं.

विमानात काय न्यायचं नाही?

गॅसची शेगडी आणि कॅनिस्टर, रॉकेल, कोळसा पेटवायचं लिक्विड, हे सगळं गाडीने. सुटी मोकळी वस्तू पायाशी ठेवायची नाही, पाण्याची बाटली गडगडत रडर पेडलखाली, म्हणजे पायाने विमान वळवायच्या पेडलखाली गेली तर काय होईल विचार करा. तंबूच्या लोखंडी खुंट्या कंपासजवळ नको.

अजून एक. परदेशी व्हिडिओ बघून कुणी तरी सॅटेलाइट मेसेंजर मागवतो, तो छोटा नारंगी डबा, इमर्जन्सीला बटन दाबायचा. आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि असली यंत्रं परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, किनाऱ्यावर तर अजिबातच नको. विमानात इमर्जन्सीचा ईएलटी, म्हणजे अपघात झाला तर सिग्नल पाठवणारा डबा असतो, त्याची बॅटरी तपासा, आणि घरी एका जबाबदार माणसाकडे वेळ लिहून द्या: इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर या नंबरला कळव. आमच्याकडे हे काम वहिनीकडे आहे आणि ती दहा मिनिटं आधीच फोन करते.

पेट्रोल कुठलं? पंपावरचं चालतं म्हणे?

चालायचं. हे इंजिन साध्या पेट्रोलसाठीच बनवलंय, फक्त ऑक्टेन ९५ पाहिजे आणि इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच. आता आपल्याकडे सगळीकडे ई-२० आलं, म्हणजे वीस टक्के. त्यामुळे पंपावरून कॅन भरून आणायचे दिवस गेले. इथेनॉल पाणी ओढतं, रबरी पाइप आणि सील खराब करतं, आणि गरमीत पेट्रोलची लाईनमध्ये वाफ होते ती वेगळी.

तपासायची जुनी युक्ती: आकडे असलेली काचेची नळी घ्या, दहा भाग पाणी, वर नव्वद भाग पेट्रोल, बोटाने तोंड दाबून हलवा, थांबू द्या. खालची पाण्याची रेघ होती तिथेच राहिली तर इथेनॉल नाही. वर सरकली तर जेवढी सरकली तेवढं इथेनॉल पाण्यात उतरलंय. आमच्याकडे मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

मग उरतं एव्हगॅस, ट्रेनिंगची विमानं वापरतात ते. महाग, आणि त्यात शिसं असतं, ते या इंजिनाला फारसं आवडत नाही. बहुतेक एव्हगॅसवरच चालवत असाल तर ऑइल ५० तासांऐवजी २५ तासांनी बदलायचं. बदलतो. परतीचं इंधन उतरतो तिथे मिळेल का हे निघायच्या आधी फोनवर पक्कं करायचं, "मिळून जाईल भाऊ" हे उत्तर धरायचं नाही, बॅरल आहे का, किती लिटर, कुणाच्या ताब्यात, नाव आणि नंबर. आणि नियमाने पोहोचून वर अर्ध्या तासाचं पेट्रोल टाकीत उरलं पाहिजे, आम्ही एक तासाचं धरतो. म्हणून मध्ये भावनगरला उतरून पाय मोकळे करायचे, टाकीत काडी घालून बघायची, मग पुढे. गेजवर विश्वास नाही, काडीवर आहे.

मे महिन्यात सुट्ट्या असतात, तेव्हा का नाही जात?

धुळ्याचा मे बघितलाय ना?

गरम हवा विरळ होते. धुळ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांच्या आसपास, पण ४२ डिग्री तापमान असेल तर विमानाला ती चार हजार तीनशे फुटांवर असल्यासारखी वाटते. पंखाला ती हवा पाणी घातलेल्या ताकासारखी लागते. इंजिनची ताकद कमी, पंखाची उचल कमी, प्रोपेलरची ओढ कमी, तिन्ही एकदम. पळायला जास्त धावपट्टी लागते आणि वर गेल्यावर चढत नाही. तेच डिसेंबरच्या सकाळी १२ डिग्रीला विमान असं उचलतं की भाऊसाहेब पण हलका वाटतो.

वरून दुपारी सातपुड्यावर गरम हवेचे फुगे उठतात, विमान खालीवर आपटतं. घारी त्याच फुग्यांवर गोल गोल फिरत असतात, त्या दिसल्या की समजायचं तिथे धक्का आहे, आणि घार पण आहे. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे उरतो ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. त्यातही डिसेंबर-जानेवारीत तापीच्या पट्ट्यात सकाळी धुकं आणि धूर असा बसतो की पाच किलोमीटर दिसत नाही, आणि पाच किलोमीटर दिसलंच पाहिजे असा नियम आहे. मग थांबायचं, चहा प्यायचा, नऊ वाजू द्यायचे. आमच्यात ठरलंय की "आज नको" हे दोघांपैकी एकानेही म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. बोलेरोवाले पुढे गेले असतील तर जाऊ देत, ते मासे खातील, आपण घरी शेवभाजी खाऊ.

इंजिन बंद पडलं तर?

सगळ्यात जास्त वेळा हाच विचारतात, आणि तोही माझ्या आईसमोर.

शेत शोधायचं. तेही बंद पडल्यावर नाही, पूर्ण वाटभर, दर मिनिटाला, आत्ता पडलं तर कुठे, आत्ता पडलं तर कुठे. खान्देशात राहिल्याचा फायदा इथे होतो, कारण वरून पीक ओळखू येतं. हरभरा, कोवळा गहू, नांगरून सपाट केलेलं रान चांगलं. उभी कपाशी वाईट पण चालेल. केळीची बाग नको, दिसायला मऊ हिरवी गादी, पण आत खांब, बुंधे, ठिबकच्या नळ्या, आणि बाजूला विजेच्या तारा. रावेर-यावलवाले मित्र म्हणतात आमच्या केळीत पडला तरी घड भरून देशील. तारा तर कुठेच दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं. रस्ता टाळायचा, हायवेवर ट्रक असतात.

दीवला जाताय म्हणजे... समजलं बरं का आम्हाला!

हो हो, सगळ्यांना समजतं. दीवमध्ये दारू चालते, शेजारच्या गुजरातमध्ये बंदी. पण पायलटने उड्डाणाच्या आधी बारा तास थेंब घ्यायचा नाही असा नियम आहे आणि श्वासात शून्य पाहिजे, थोडं नाही, शून्य. आम्ही सकाळी लवकर निघतो म्हणजे आदल्या संध्याकाळीच बंद. ज्याला परतीचं विमान उडवायचंय त्याने सोलकढी प्यायची, म्हणजे मीच. बोलेरोवाल्यांनी पण गाडीत बाटली ठेवायची नाही, घोघ्याला काय न् सुरतला काय, दोन्ही गुजरात. भावनगरला विमान उतरतं तेपण गुजरातच.

खायचं काय करता?

विमानात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण सांडत नाही, वास येत नाही, दोन दिवस टिकतं. बाकी सगळं बोलेरोत: दादर ज्वारीचं पीठ, वांगी, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात. भरीताची वांगी खरी भाजायची कपाशीच्या काड्यांवर, पण ब्लू फ्लॅगवाल्या बीचवर जाळ करायचा नाही आणि करू पण नये, म्हणून गॅसवर भाजतो आणि जळगावकरांना सांगत नाही. दीवला ताजे मासे मिळतात, भाकरी आणि मासे हे कॉम्बिनेशन कुणी नावं ठेवू नये.

तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर लावा, वाळलेलं शेवाळ आणि काड्यांची ओळ दिसते ती रेषा. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत, पिशवीत वाळू भरून ती पुरायची आणि दोरी तिला बांधायची.

विमान रात्रभर एकटं सोडून झोप लागते का?

नीट बांधलं तर लागते. दोन पंख आणि शेपटी, तीन ठिकाणी दोरी, कंट्रोल लॉक करून, चाकांना पुढेमागे ठोकळे. समुद्रावर दुपारनंतर वारा सुटतो, सकाळी उतरलो तेव्हा पान हलत नव्हतं म्हणून फसायचं नाही. याच वाऱ्यामुळे आम्ही दुपारच्या आत उतरतो, आडवा वारा आमच्या हलक्या विमानाला झेपत नाही.

पिटो ट्यूबला कव्हर घालायलाच पाहिजे. स्पीड दाखवणारी बारीक नळी आहे ती, आणि कुंभारीण माशीला ती फार आवडते. एका दुपारीत मातीने बुजवते. मग पळताना स्पीडचा काटा शून्यावर.

आणि मीठ. खारी हवा ॲल्युमिनियमला आणि स्टीलच्या बोल्टला खाते. घरी आलो की लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, पोटाखालून, चाकांच्या आतून, बिजागऱ्यांमधून, मग पुसून गंजरोधक फवारा. पाणी कमी असलं तरी यात कंजूषी नाही. पाय धुवायच्या आधी विमान धुवायचं.

खर्च किती येतो?

ट्रिपचा फार नाही, तासाला अठरा-वीस लिटर एव्हगॅस, लँडिंग-पार्किंग, आणि बोलेरोचं डिझेल नि बोटीचं तिकीट. बांधायचा खर्च मात्र विचारू नका. नानांना आकडा सांगितला नाहीये, आणि घरी सांगितला तो निम्मा आहे. मित्रांकडून सीटचे पैसे घेत नाही, परमिटमध्ये बसत नाही. ते जेवणाचं बघतात, त्यात हिशोब कोणी ठेवत नाही.

आम्हाला बसवाल का?

आधी काट्यावर या.